वरचा कॉक

वाईच्या तात्यासाहेब रसाळांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भाडेकरूंची पाचावर धारण बसे. खाली तीन बिऱ्हाडं, वर खुद्द तात्या, आणि साऱ्या घराला नळजोड एकच. यंदा पाणीपट्टी आली तशी तात्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"ही सगळी पट्टी तुम्हीच भरायची. आम्ही नळाच्या पाण्याला बोटसुद्धा लावत नाही. आमचं सगळं विहिरीवर!"

शिवणकाम करून पोट भरणाऱ्या मालनबाई पुढे झाल्या.

"कबूल, तात्या. पण पट्टी आमची, तर अंगणातले कॉकही आमच्याच हातात."

"खुशाल घ्या!" तात्या ऐटीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या न्हाणीघरातून आरोळी उठली. कमरेला पंचा, अंगभर साबणाचा फेस, अशा अवतारात तात्या जिन्यात आले.

"मालनबाई! माझं पाणी कोणी तोडलं?"

मालनबाईंनी मशीनवरून मानही वर केली नाही.

"तुमचं कशाला तोडू, तात्या? तुम्ही जे वापरतच नाही, तेवढंच बंद केलंय. विहिरीवर पोहरा ठेवलाय बघा."

पाणीपट्टीचे चार सारखे वाटे त्या जिन्यातच ठरले, अंगावरचा फेस वाळायच्या आत.