म्हाळूच्या वळणावर ओझं उतरतं

फार वर्षांपूर्वी, काळकाईच्या घाटाला गाडीरस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. सारा माल गाढवांच्या आणि तट्टांच्या पाठीवरून वर चढायचा. जनावर लंगडं झालं, आंधळं झालं, की ते घाटातच सोडून द्यायची रीत होती. त्यात कुणाला काही वाटत नसे.

म्हाळू लोणारीही तसाच होता. तो खालून कळीचा चुना आणून वरच्या बोरतळ गावात विकायचा. एकदा ठकी नावाच्या त्याच्या गाढवीवरची गोणी फाटली. चुना घामात भिजला आणि तिची पाठ भाजत गेली. म्हाळूला वाटलं, चढ बघून अडते आहे. त्याने तिला काठीने हाणलं. शेवटच्या वळणावर ती बसली, तेव्हा त्याने गोणी काढली आणि पाठ पाहिली. तळहाताएवढं कातडं गेलं होतं.

असं म्हणतात, म्हाळूने गोणी दरीत लोटली आणि तिच्या मानेवर हात ठेवून शब्द दिला, "आता तुझ्यावर कुणी ओझं घालणार नाही. तुझ्यासारख्या कुणावरच नाही."

त्या दिवसापासून घाटात सोडलेली जनावरं तो घरी आणू लागला. लोक हसले. "म्हाळबा, लंगड्यांची वरात कुठं निघाली?" पण चंद्राक्का कुंभारीण एकदा पाटीभर कोंडा ठेवून गेली. मग शेजारणीने कडब्याची पेंढी टाकली. हळूहळू घरटी एक पेंढी ठरली. वीस गाढवं आणि सात तट्टं गावाच्या पेंढ्यांवर जगली.

पुढे लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. बैल मेले, कणग्या रिकाम्या झाल्या. घाटाखाली तांदूळ होता, पण तो चढ माणसाच्या पाठीचा नाही, असंच सगळे मानत. गाव म्हाळूच्या दारात आलं. चंद्राक्का पुढे झाली.

"म्हाळबा, आमच्या घासातला घास तुझ्या जनावरांना घातला. आज त्यांनी खेपा कराव्यात. माझी नातवंडं उपाशी आहेत."

"खरं आहे, आक्का. खेपा होतील. पण पेंढ्या मीच खाल्ल्या असं समज."

म्हाळू एकटाच उतरला आणि पाठीवर पोतं घेऊन आला. ते टेकवून पुन्हा उतरला. असं म्हणतात, तीन दिवसांत त्याने सात खेपा केल्या. आठव्या खेपेला त्याच शेवटच्या वळणावर त्याचे गुडघे टेकले. तेव्हा वर सगळी जनावरं दावी तोडून घाटाकडे धावली. आंधळी धावली, तीन पायांची धावली. गाव त्यांच्यामागे धावलं.

जनावरं म्हाळूभोवती उभी होती. चंद्राक्काने त्याच्या पाठीवरचं पोतं उतरवलं. पोत्यात तांदूळच होता. पण पाठीवर, ठकीच्या होती तिथेच, तळहाताएवढीच, चुन्याने भाजल्याची जखम होती.

ठकीच्या मानेला टेकून म्हाळूने प्राण सोडला.

उरलेलं धान्य गावाने स्वतःच्या पाठीवर आणलं. ठकीवर कुणी चिमूटभरही ठेवलं नाही.

आता घाटात डांबरी रस्ता आहे. तरी म्हाळूच्या वळणावर बोरतळकर जनावराचं ओझं उतरवतात आणि वरपर्यंत स्वतः वाहतात. टेम्पो आला तर तोही थांबतो, आणि एक पोतं कुणीतरी खांद्यावर घेतं. घरटी पेंढी आजही निघते. थकलेलं गाढव, मोडलेलं तट्टू कुठूनही येवो, गावात त्याला जागा आहे. ते आलं की आधी त्याची पाठ बघतात.