पंगतीत धरलेला हात

एका आचार्यांना आपल्या पद्मनाभ नावाच्या शिष्याचं फार कौतुक वाटत असे, आणि त्याहून जास्त काळजी. कौतुक अशासाठी, की पद्मनाभाला कुठलंही काम दोनदा सांगावं लागत नसे. काळजीही त्याचसाठी. मंडळी, होला हो म्हणणारा शिष्य गुरूला गोड लागतो खरा; पण तोच उद्या गुरू व्हायचा असला, की गुरूची झोप उडते.

आचार्य थकले होते. वार्षिक उत्सवाचं भोजन झालं की आश्रमाची सूत्रं पद्मनाभाच्या हाती द्यायची आणि आपण बहिणीच्या गावी जाऊन स्वस्थ बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी त्यांनी त्याला एकच प्रश्न घातला. "तू कशाला धरून चालतोस? तुझं स्वतःचं असं मूल्य कोणतं? उत्सवाची पंगत उठायच्या आत सांग. नाही सांगता आलं, तर मला दुसरा माणूस पाहावा लागेल."

पद्मनाभानं धडाधड म्हणून दाखवलं : सत्य, दया, क्षमा, संयम, अपरिग्रह. आचार्यांनी कान खाजवला. "उत्तम. पण हे सगळं मीच तुला शिकवलं. यातलं तुझं काय?"

झालं. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. आश्रमावाचून त्याला दुसरं घर नव्हतं, आणि शिकवण्यासारखा आनंद त्याला कशात वाटत नव्हता. तो ध्यानाला बसला, पोथ्या उलटसुलट केल्या, गुरुबंधूंना विचारून पाहिलं. सकाळी सत्य आपलं वाटे, दुपारी दया, आणि संध्याकाळी नुसतीच भूक लागे.

उत्सवाचा दिवस उजाडला तरी उत्तर नव्हतंच. अंगणात लांबच लांब पंगती मांडल्या. शिधा एका बड्या गूळव्यापाऱ्यानं दिला होता, म्हणून शेटजी अत्तर लावून आचार्यांच्या शेजारच्या पाटावर ऐसपैस बसले. माणसं मात्र अंदाजापेक्षा जास्त आली. भाजीपाला आणि सरपण घेऊन आलेले गाडीवान बैल सोडून, हातपाय धुऊन सगळ्यांत शेवटी बसले, आणि नेमका त्यांच्यापाशी येऊन भात संपला. दुसरा हंडा चुलीवर रटरटत होता. तोवर त्यांच्या पानांवर मीठ, लिंबू आणि माशा.

"सुरुवात करू या की," शेटजी म्हणाले. "त्यांना काय, येईलच भात. इथं वरण निवतंय."

तेवढ्यात आचार्यांनी एक अजब गोष्ट केली. सर्वांची पानं वाढून झाल्याशिवाय या माणसानं हयातीत घास उचलला नव्हता. त्यांनी शांतपणे वरणभात कालवला, घास केला आणि तोंडाकडे नेला.

पद्मनाभ तुपाची तपेली घेऊन समोरच उभा होता. त्यानं विचार करून पुढचं पाऊल उचललं, असं कुणी म्हणू नये. विचाराला वेळच नव्हता. तपेली खाली ठेवून तो वाकला आणि त्यानं आचार्यांचं मनगट धरलं.

"गुरुजी, थांबा. शेवटच्या पंगतीत अजून भात गेलेला नाही."

आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं. हात सोडावा, तर घास तोंडात जाणार. धरून ठेवावा, तर आश्रम हातचा जाणार. त्यानं धरूनच ठेवला.

"अहो शास्त्री, आचार्यांना शिकवता?" शेटजी कडाडले. "असल्यांच्या हाती कारभार जाणार असेल, तर पुढच्या वर्षी आमचा शिधा दुसऱ्या मठात."

"जाऊ दे, शेटजी," पद्मनाभ म्हणाला. "पण त्यांना वाढल्याशिवाय इथं कुणी जेवणार नाही."

आचार्य हसू लागले. मोकळ्या हातानं पोट धरून, खांदे हलवून हसू लागले.

"सापडलं रे बाबा," ते म्हणाले. "मी प्रश्न विचारला तेव्हा तू आठवायला लागलास. आठवून सापडतं ते बहुधा दुसऱ्याचं असतं. स्वतःचं मूल्य माणसाला दिसत नाही, कारण त्यात त्याला विशेष काही वाटतच नाही. ते मोडायला कुणी निघालं, की मात्र हात आपल्याला न विचारता पुढे होतो. नदी उतरताना तू सगळ्यांच्या शेवटी पाण्यात पाय घालतोस. वर्गात शेवटच्याला कळल्याशिवाय पान उलटत नाहीस, आणि वर्ग मागे पडला म्हणून माझी बोलणी खातोस. मी त्याला तुझा मंदपणा समजत होतो. तूही तेच समजत होतास. कुणी मागे राहू नये, हे तुझं आहे. त्यापायी तू आता आश्रम सोडायला निघालास, शिधा सोडलास, माझी भीडही ठेवली नाहीस. याच्यावरच आश्रम चालव. सत्य, दया येतील मागोमाग."

पद्मनाभाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला हसूही आलं. "म्हणजे आपण मुद्दाम?"

"मुद्दामच. पण खोटं कशाला बोलू, भूकही लागली होती. आता हात सोड, मनगट दुखतंय."

पंगतीच्या पंगती खो खो हसल्या. एवढ्यात भाताचा हंडा आला. पद्मनाभानं तुपाची तपेली उचलून शेटजींच्या हाती दिली. "शेटजी, शिधा आपला आहे. त्या पंगतीला तूपही आपल्याच हातानं पडू द्या."

शेटजींनी जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. कुरकुरत उठले. पहिल्याच पानावर थेंबभर तूप सोडलं, तसा एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "शेट, हात आखडू नका. बैल पण बघतायत." शेटजींनाच हसू फुटलं, आणि मग त्यांनी तुपाची धार अशी धरली, की तपेली रिकामी झाल्यावरच ते घामाघूम होऊन, खुशीत परतले.

पद्मनाभानं सगळ्या पानांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "होऊ द्या सावकाश." आचार्यांनी गार झालेला घास उचलला. इतक्या चवीनं घास त्यांनी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता.

आपली मूल्यं कोणती, असा प्रश्न कुणाला पडलाच, तर मोठमोठे शब्द जुळवत बसू नये. आपल्याला न विचारता आपला हात आजवर कुठे पुढे झाला, तेवढं आठवावं.