अर्ध्यावर तोडलेला मार्च

एका संस्थानात तुळाजी नावाचा बँडमास्तर होता. दरबारात आपलं मोठं नाव व्हावं, ही त्याची हौस. त्यासाठी बारा वर्षं खपून त्याने एक भारदस्त रचना बांधली होती. ती ऐकताना सरदार जांभया देत आणि संपली की वाहवा करत.

तरुणपणी एका दुपारी गंमत म्हणून त्याने पोरांसाठी एक हलकाफुलका मार्च बसवला होता. पुढे बासऱ्या, मागे पिपाण्या, मध्येच झांजेचा ठुमका. घटकाभराचं काम, पण पोरं त्यावर अशी लुब्ध झाली की विचारू नका. तीस वर्षं झाली, त्या पोरांना पोरं झाली, तरी मैदानात बँड आला की मागणी त्या मार्चचीच. तुळाजीच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

दसऱ्याला महाराजांपुढे मोठी रचना वाजवायची ठरली. पोरांनी आधी मार्चचा हट्ट धरला. महाराज हसून म्हणाले, "वाजवा की, मास्तर." तुळाजीने नाइलाजाने काठी उचलली. दोनशे पोरं रांगेने चालू लागली. त्यांत त्याची नात गोदीही होती. मार्च निम्मा झाला आणि तुळाजीचा राग अनावर झाला. "बास झाला पोरखेळ," म्हणत त्याने काठी फेकली. बँड गप्प झाला.

पोरं मात्र थांबली नाहीत.

मार्च सुरू केला तर शेवटच्या थापेपर्यंत न्यायचा, चालती पावलं मध्येच सोडायची नाहीत, असा बँडवाल्यांचा रिवाज होता. तुळाजी तो जन्मभर इतरांना शिकवत आला होता.

मैदानात दुसरा आवाज नव्हता. पावलं तेवढी एका ठेक्यात पडत होती. पोरांचे चेहरे हसरे होते, पण डोळे कुणाला ओळखत नव्हते. एका आईने धावत जाऊन लेकाला उचललं, तर त्याचे पाय हवेतच चालत राहिले.

तुळाजीने गोदीला गच्च धरलं. "गोदे, मी आबा. थांब गं." ती त्याच्या मिठीतही चालत होती. असली भीती त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. त्याने ढोलवाल्या हैबतीला शेवटची थाप द्यायला सांगितलं. थाप पडली. काही झालं नाही.

हैबती हलकेच म्हणाला, "मास्तर, मधलं गाळून शेवट कसा लागंल? पयल्यापासनं धरा. आन् ह्या खेपेला तोंड वाकडं करू नका."

तुळाजीने काठी उचलली. महाराज पाहताहेत, सरदार पाहताहेत, हे तो विसरून गेला. त्याने एकेक सूर जिवापाड सांभाळला. शेवटची थाप पडली आणि सगळी पावलं जागच्या जागी थांबली.

गोदीने डोळे चोळले. मग त्याचा अंगरखा ओढत म्हणाली, "आबा, बँड तर सारखा वाजत होता. मधे तुम्हीच कुठं दिसेनासे झालात?"

तुळाजीने काठी खाली ठेवली आणि तिला जवळ घेतलं. त्या दिवशी मोठी रचना वाजली नाही आणि पुढे कुणी तिची आठवणही काढली नाही.

तात्पर्य: लेकरांच्या आनंदाचं काम हलकं समजू नये, हाती घेतलं तर ते मनापासून आणि शेवटपर्यंत करावं.