जुनी तुळई

सरपंच हंबीररावांच्या जुन्या गोठ्याचं छप्पर गेनू सुतार नव्यानं उभारत होता. चार माणसांसमोर हंबीरराव म्हणाले, "गेनू, ती काळी तुळई काढून टाक. तीस वर्षं ओझं वाहून थकली असेल."

गेनूनं हातोडीनं तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकली. आवाज सगळीकडे खणखणीत आला.

"साहेब, परवा ग्रामसभेत तुम्हीच म्हणालात, तीस वर्षांचा अनुभवी सरपंच बदलू नका. मला ते पटलं. लाकडालाही तोच नियम लावतोय."

हंबीरराव खूश होऊन माणसांकडे बघत हसले.

"फरक एवढाच," हातोडी खाली ठेवत गेनू सावकाश म्हणाला, "तुळई आतून पोखरलीय का, ते ठेवण्याआधी ठोकून बघता येतं."