घाईची ठिणगी

पेट्रोल हातपंपानं भरायचे, त्या काळची गोष्ट. चढ लागला की एका म्हाताऱ्या जीपचं इंजिन टकटक करायचं. वैतागून मालक तिला घाटमाथ्यावरच्या भंगारवाल्याकडे घेऊन निघाला. वाटेत एकदा मेकॅनिक यासीनभाईंना दाखवली.

"दोष कार्बोरेटरचा!" इंजिनातली ठिणगी तडतडली. "मी तर पिस्टन वर पोचायच्या कितीतरी आधीच हजर असते."

लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून यासीनभाईंनी त्याची मूठ कानाशी धरली आणि ते हसले. "तोच तर घोळ आहे, बाई. तो बिचारा वर चढतोय आणि तू त्याच्या डोक्यात हाणतेस."

त्यांनी ठिणगीची वेळ केसभर उशिरा केली.

घाटात ठिणगी पहिल्यांदाच थांबली. "आता येऊ?"

"आता ये," वर पोचलेला पिस्टन म्हणाला.

भंगारवाल्याचं दुकान आलं, तरी मालकानं ब्रेक लावला नाही.