फणसाच्या खोडातलं लोखंड

डोंगर उतरून आलं की जे पहिलं गाव लागतं, त्या गावात केरोबा नावाचा एक सुतार राहत होता. त्याची लाकूड कापायची लहानशी गिरणी होती. गिरणी म्हणजे चार खांबांवरचं पत्र्याचं छप्पर, त्याखाली गरगर फिरणारं एक दातेरी पातं आणि जिकडे तिकडे भुसाच भुसा. पण केरोबाच्या लेखी तो राजवाडा होता.

हा राजवाडा उभारायला त्यानं कोंडाजीशेटकडून कर्ज काढलं होतं. शेट माणूस सरळ, पण शब्दाला कडक. पैसे देतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "हप्ते येत राहिले तर मी तुझ्या दारात यायचो न्हाई. शेवटचा चुकला, तर तुझी गिरणी माझ्या दारात येईल."

केरोबानं एकही हप्ता चुकवला नाही. अंगावर ठिगळाचा सदरा घातला, सणाला गोडधोड केलं नाही, पण हप्ता दिला. आता शेवटचा हप्ता तेवढा उरला होता, आणि तो सगळ्यांत मोठा होता. दसऱ्याला सूर्य मावळायच्या आत तो द्यायचा होता.

दसरा जवळ आला तसे केरोबाचे पाय जमिनीला टेकेनासे झाले. पारावर, न्हाव्याकडे, नदीच्या वाटेवर, भेटेल त्याला तो थांबवून सांगायचा, "दसऱ्याला मी मोकळा!" न विचारणाऱ्यालाही सांगायचा. एकदा तर दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर थाप मारून त्यानं बैलालाही ही खबर दिली.

त्याची बायको सगुणा हसून म्हणायची, "आवं, आधी फेडा तरी. बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी, तशी गत झालीया तुमची."

"अगं, हरखू नको तर काय करू? आजवर पातं फिरलं की वाटायचं, शेटच्या नावानं फिरतंय. आता माझ्या नावानं फिरंल!"

त्याच सुमाराला गोदाकाकूंनी आपल्या परसातला जुना फणस विकायला काढला. केवढा तो बुंधा! दोघांनी हात धरून कवेत घ्यायचा म्हटलं तरी पुरे पडत नव्हतं. फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं, दारांना आणि चौकटींना त्याला फार मागणी. केरोबानं मनातल्या मनात फळ्या पाडल्या, विकल्या आणि हप्ताही फेडून टाकला. मग घरात होती नव्हती ती शिल्लक काकूंच्या हातावर ठेवली आणि झाड पाडून ओंडका गिरणीत आणला. गाडीच्या पुढं तो स्वतः नाचत होता.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. त्या दिवशी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते, काम बंद असतं. सगुणानं पात्याला झेंडूची माळ घातली. केरोबा शेणाची पाटी घेऊन ओंडक्याकडे गेला. ओंडका उन्हानं तडकू नये म्हणून त्याच्या कापलेल्या तोंडाला शेण लिंपायचं, ही सगळ्या गिरणीवाल्यांची रीत.

लिंपायच्या आधी त्यानं बुंध्याच्या तोंडावरची माती पुसली आणि त्याचा हात तिथंच थांबला. हळदीसारख्या पिवळ्या लाकडात एक निळसर काळी रेघ उतरली होती. तिच्या शेजारी दुसरी. तिच्या खाली आणखी एक.

फणसाच्या लाकडात अशी रेघ एकाच कारणानं उतरते. आत लोखंड असतं.

आता केरोबाला आपली चूक कळली. परसातलं झाड घेताना गिरणीवाला एक प्रश्न हटकून विचारतो. झाडाला फळ धरायचं का? हा प्रश्न खाण्यासाठी नसतो. झाड फळ धरत नसलं की लोक त्याच्या खोडात लोखंड ठोकतात, म्हणजे झाड फळतं असं मानतात. पुढं साल वाढते, लोखंड गिळून टाकते आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. शिकाऊ सुतारही विचारतो तो प्रश्न केरोबानं आनंदाच्या भरात विचारलाच नव्हता.

तो धावत गोदाकाकूंकडे गेला. "काकू, त्या झाडाला फणस धरायचं का वो?"

काकूंचा चेहरा फुलला. "आधी कुठलं! वांझच हुतं मेलं. मग आमच्या ह्यांनी खोडात लोखंड ठोकलं. दर वरसाला ठोकायचे. मग काय सांगू बाबा, झाड लेकुरवाळं झालं! का रं?"

"काय न्हाई, सहज इचारलं," असं म्हणून केरोबा परतला. वाटेत त्याला एकही माणूस दिसला नाही, इतका तो स्वतःतच बुडाला होता. गिरणीचं पातं वाऱ्याच्या वेगानं फिरतं. ते लोखंडावर आदळलं की तुटतं, आणि तुटलेलं पातं उडतं तेव्हा समोर कोण उभं आहे ते बघत नाही. म्हणजे हा ओंडका गिरणीवर घेता येत नव्हता. घरची सगळी शिल्लक त्या ओंडक्यात अडकली होती. आणि दसरा उद्यावर होता.

गिरणीत येऊन त्यानं निमूटपणे ओंडक्याच्या तोंडाला शेण लिंपलं. रीतच होती ती. पण आज शेण जरा जाडच लागलं.

दुपारी प्रसादाला गाव जमलं. कोंडाजीशेटही आले. पोरांनी हलगी आणली. तेवढ्यात बाजारगावचे मुकुंदशेट आले. त्यांची मोठी गिरणी होती, पण पूजेमुळे आज बंद होती, म्हणून ते लाकूड बघत हिंडत होते. त्यांच्याबरोबर त्यांचा कापणारा गडी बारकू होता. बारकू नावालाच बारका, अंगानं तालमीतला गडी.

मुकुंदशेटनी ओंडका बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांना एका देवळाच्या दारांसाठी फणसच हवा होता. त्यांनी ओंडक्याला दोन फेऱ्या घातल्या, सालीवर चापट मारली, शेणानं लिंपलेल्या तोंडाकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "केरोबा, कापू नकोस. अख्खाच दे. काय घेतोस बोल."

केरोबाच्या तोंडून हप्त्याचा आकडा कसाबसा बाहेर पडला. मुकुंदशेटनी घासाघीस केली नाही. वर थोडे घालून नोटा त्याच्या हातात ठेवल्या.

"सुटला! केरोबा सुटला!" कुणीतरी ओरडलं आणि हलगी कडाडली. पोरांनी उड्या मारल्या. सगुणानं डोळ्याला पदर लावला. कोंडाजीशेटनी हसत हात पुढं केला. "एक दिस आधीच देतोस की काय रं?"

कुणीही काही विचारलं नव्हतं. केरोबा कुणाशीही खोटं बोलला नव्हता. नोटा त्याच्या मुठीत होत्या आणि घेणारा समोर उभा होता. एक हात पुढं केला की गिरणी त्याची.

इतक्यात बारकू ओंडक्याला जाऊन भिडला. त्यानं दोन्ही हात पसरून बुंध्याच्या तोंडाला छाती लावली आणि आपल्या शेटना म्हणाला, "परवा ह्यालाच पयला घेऊ. आसा छातीनं लोटत न्हेतो का न्हाई बगा!"

त्याची छाती नेमकी त्या काळ्या रेघांवर होती.

"थांबा!" केरोबा ओरडला. हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यानं बारकूला बाजूला ढकललं आणि दोन्ही हातांनी ओंडक्यावरचं शेण ओरबाडून काढलं. काळ्या रेघा उघड्या पडल्या.

"शेट, आत लोखंड हाय. किती हाय ते मला ठावं न्हाई."

हलगी थांबली. मुकुंदशेट रेघांकडे बघत राहिले, मग केरोबाकडे. "हे आधी सांगितलं न्हाईस."

"न्हाई सांगितलं. सांगणारबी नव्हतो. आता सांगतोय. हे तुमचं पैसं."

मुकुंदशेटनी नोटा परत घेतल्या. "असला ओंडका मला नको. लोखंड काढून फळ्या पाडल्यास तर बघीन. उद्या सांजच्याला ह्याच वाटंनं माघारी जाणार हाय." एवढं बोलून ते निघून गेले.

कोंडाजीशेटनी पुढं केलेला हात मागं घेतला. "केरोबा, तू वागलास ते बरं वागलास. पर माझा शब्द तोच. उद्या, सूर्य मावळायच्या आत." आणि तेही गेले.

गर्दी पांगली. केरोबा भुशाच्या ढिगावर मटकन बसला. सगुणा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आवं, रडायचं आसंल तर रडा, न्हाईतर उठा. मधीच बसून काय हुणार हाय?"

आणि काय सांगावं, केरोबा खरोखरच उठला! त्याच्या डोक्यात वीज चमकून गेली होती. गिरणीचं पातं आंधळं असतं, पण हाताच्या करवतीला लोखंड आधी कळतं. दाता खरकन वाजतो आणि ओढणारा थांबतो. काकूंच्या नवऱ्यानं लोखंड ठोकलं ते जमिनीवर उभं राहूनच ठोकलं असणार, म्हणजे ते बुंध्याच्या तेवढ्याच भागात होतं. तो भाग तोडून टाकावा, तर सगळं मोलाचं जाड लाकूड तिथंच होतं. पण तेवढाच भाग हातानं कापून साफ केला तर बाकीचा ओंडका गिरणीवर घेता आला असता.

त्यानं माळ्यावरून दोघांनी ओढायची जुनी करवत काढली, दात्यांना कानस मारली आणि दसऱ्याच्या पहाटे तरफ लावून ओंडका उंच लाकडी घोड्यांवर चढवला. वर केरोबा, खाली सगुणा. करवत चालू झाली.

थोड्याच वेळात सगुणाला धाप लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मामी, सोडा. मी हाय."

तो बारकू होता. काल आपल्या शेटबरोबर तो गेलाच नव्हता, पाव्हण्याकडे वस्तीला राहिला होता. त्यानं करवतीची मूठ धरली आणि अशी ओढ घेतली की केरोबा वरून पडता पडता वाचला.

खरकन! "थांब!" फट उघडून छिन्नी घातली, आणि वीतभर लांब गंजका खिळा बाहेर आला. पोरं ओरडली. गोष्ट गावात पसरायला वेळ लागतो थोडाच? माणसं सोनं लुटायचं सोडून गिरणीत आली. एक दमला की दुसरा करवत धरायचा. लोहार आला, न्हावी आला, काल पांगलेली हलगीवाली पोरंही आली आणि करवतीच्या ठेक्यावर हलगी वाजू लागली. खिळ्यामागून खिळा निघाला. घोड्याचा नाल निघाला. नांगराच्या फाळाचं टोक निघालं. गोदाकाकू सुपात सगळं गोळा करत होत्या आणि प्रत्येक तुकड्याला अभिमानानं म्हणत होत्या, "हा बी ह्यांचाच! लई मनापासनं ठोकायचे हो!"

सूर्य कलला तेव्हा बुंधा साफ झाला. केरोबानं प्रत्येक फटीत हात घालून, हातोडीनं ठोकून खात्री केली. मग पात्यावरची झेंडूची माळ उतरवली, नमस्कार केला आणि गिरणी चालू केली. ओंडका पात्याच्या समोर आणला तो स्वतः केरोबानं. बारकूला त्यानं हातानं मागं सारलं. "पयली फळी माझी. चुकून काय ऱ्हायलं आसंल तर ते मला लागू दे."

पातं लाकडात शिरलं. घर्र घर्र घर्र! पिवळा भुसा कारंज्यासारखा उडाला आणि पहिली फळी अलगद बाजूला पडली, लोण्यातून सुरी निघावी तशी. मग जो काही गलका झाला म्हणता! सगुणा भुशात नाचली, आणि नाचणारी ती एकटीच नव्हती.

सांजेला मुकुंदशेट आले. त्यांनी एकेक फळी उलटून बघितली. काळ्या डागांच्या फळ्या बाजूला काढल्या, त्यांचा भाव पाडला. चांगल्या फळ्यांचा पुरा भाव दिला. सगळे मिळून हप्त्यापुरते झाले. वर एक छदामही उरला नाही.

सूर्य डोंगराला टेकला होता. केरोबा पैसे घेऊन पळत सुटला. आपट्याची पानं घेऊन निघालेल्या माणसांतून वाट काढत, कुणाला धक्का देत, कुणाच्या पाया पडत तो कोंडाजीशेटच्या दारात पोचला आणि सगळे पैसे त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्याच्या केसांत, मिशांत, कानांत पिवळा भुसा होता. बाहेर सूर्याची शेवटची कड अजून दिसत होती.

शेटनी पैसे मोजले. "फिटलं. गिरणी तुझी," ते म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलं, "केरोबा, काल कुणालाबी कळलं नसतं. मग का बोललास?"

केरोबाला अजून धाप लागली होती. तो म्हणाला, "शेट, तुमच्या कर्जाला हप्तं हुतं, म्हणून फेडता आलं. त्या पोराच्या छातीत पातं घुसलं आसतं, तर त्याच्या आईला मी कुठला हप्ता दिला आसता?"

केरोबा उंबरठा ओलांडून बाहेर आला आणि भर रस्त्यात, दोन्ही हात वर करून, गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "मी मोकळा!"

तात्पर्य: कर्ज फेडावंच, पण दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून फेडू नये. असं कर्ज फिटत नाही. ते सावकाराच्या दारातून उठतं आणि आपल्या उरावर येऊन बसतं.