अलीकडे म्हणजे अलीकडे

तळ्यांवर अजून पाखरांचंच राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. एका तळ्याच्या पूर्वेच्या काठावर, वठलेल्या बाभळीच्या शेंड्यावर खंड्या बसायचा आणि येणाऱ्या पाखरांना कुठे उतरायचं ते सांगायचा. थव्यांना त्याची बोली पाठ होती. एकट्यादुकट्यांचा मात्र त्याला भारी वैताग.

एकदा धुक्यातून, पश्चिमेकडून, एक दमलेलं बदक आलं.

"दादा, कुठे उतरू?"

"मधल्या खडकाच्या अलीकडे. पलीकडे मगर आहे."

"खडकाच्या अलीकडे," बदकाने म्हणून दाखवलं. मग चाचरत विचारलं, "माझ्या अलीकडे, की तुमच्या?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही का रे? अलीकडे म्हणजे अलीकडे!"

बदक खजील झालं. खंड्याचं पलीकडे तेच त्याचं अलीकडे होतं. तिथेच ते उतरलं. पाणी एकदाच उसळलं.

संध्याकाळी पाखरं जमली. खंड्या म्हणाला, "मी स्पष्ट सांगितलं होतं. त्याने ते परत म्हणूनही दाखवलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. चूक बदकाचीच ठरली.

दुसऱ्या दिवशी त्याला शोधत त्याची जोडीदारीण आली, पश्चिमेकडूनच.

"खडकाच्या अलीकडे!" खंड्या म्हणाला. या खेपेला त्याने जरा मोठ्याने सांगितलं.